साडूंची उमेदवारी

आमच्या साडूंच्या सहवासात आजवर कोणालाही आपलं वाक्य आपल्याच तोंडाने पूर्ण करता आलेलं नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या लग्नातला उखाणा मी अर्धाच घेतलेला आहे. उरलेला अर्धा मांडवाच्या खांबाआडून त्यांनी घेतला, आणि माझ्या बायकोचं नाव माझ्याआधी त्यांच्या तोंडून बाहेर पडल्यामुळे जो हशा पिकला, तो आमच्या सासूबाई शेवटपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या. माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे हे यजमान. गाव सानगडी. घरची धानाची शेती भाऊ बघायचे आणि हे नाटक मंडळात प्रॉम्प्टर होते. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत धान घरात आलं की गावोगाव नाटकं सुरू होतात, ती होळीपर्यंत. त्या सगळ्या हंगामात हे गृहस्थ विंगेत एका स्टुलावर बसून कोणाला राजाचं, कोणाला सुनेचं, कोणाला पोलीस इन्स्पेक्टरचं भाषण पुरवत असत. हंगाम संपला तरी यांची सवय संपत नसे, हीच खरी पंचाईत होती.

भटजी मंगलाष्टक म्हणताना श्वास घ्यायला थांबले की पुढची ओळ वरमाईच्या मागून येई. मी भंडाऱ्याच्या पोस्टात काउंटरवर होतो. साडू कधी भेटायला आले आणि माझ्यासमोरचं गिऱ्हाईक "मला एक..." म्हणून खिसे चाचपायला लागलं, की हे लगेच मागून "मनिऑर्डर" म्हणत. गिऱ्हाईकही मुकाट्याने मनिऑर्डर करून जाई, आणि दारात पोचल्यावर आपल्याला पोस्टकार्ड हवं होतं हे त्याच्या लक्षात येई. एकदा आम्ही दोघं करडीला एका घरी सांत्वनाला गेलो होतो. मयताचा मुलगा बिचारा सांगत होता, "संध्याकाळी चांगले बोलत होते, पाणी मागितलं, आणि मग एकदम..." आणि त्याला हुंदका आला. "गेले," साडू हळूच म्हणाले. मी त्यांना चिमटा काढला. बाहेर आल्यावर झापलं, तर माझ्याकडेच डोळे मोठे करून पाहत म्हणाले, "माणूस शब्दासाठी तडफडून राहिला, साडभाऊ. बुडणाऱ्याले हात नाई देत का आपण?" मेहुणीबाईंची तर तक्रारच वेगळी होती. "आमच्या घरी भांडण कसं होईल, सांगा," त्या म्हणायच्या. "मी शिवी शोधून राहिली, का हेच पुढची सांगतेत."

अशा माणसाच्या पोटावर पाय आणला तो मायक्रोफोनने. मंडळाने हौसेने रंगमंचावर माइक टांगून घेतले. नटांचे आवाज आधीच डोंगर फोडणारे. त्यांना माइकची गरज नव्हती. माइकने साडूंचा आवाज मात्र इमानेइतबारे उचलला. प्रेक्षकांना प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येऊ लागलं, आणि पहिल्यांदा जास्त चांगलं ऐकू येऊ लागलं. एका गावी तर मरणाच्या प्रसंगात लोकांनी नायकाला गप्प बसवलं आणि "आतल्याले बोलू द्या" अशी मागणी केली. झालं, नायकाने पाय आपटले आणि मंडळाने साडूंना नारळ दिला.

आमचे सासरे, म्हणजे मामाजी, याच दिवसाची वाट पाहत होते. पवनीला त्यांचं पितळी भांड्यांचं दुकान. पोटी दोन मुलीच. मी सरकारी नोकरीत बांधलेला, तेव्हा त्यांचा सगळा डोळा मोठ्या जावयावर होता. दुकानावर बसा, मागच्या खोल्यांत राहा, म्हणजे सरळ भाषेत घरजावई व्हा. साडूंना त्या कल्पनेनेच घाम फुटे. दुकानात गिऱ्हाईक नसलं की बोलायला कोण, तर मामाजी, आणि मामाजी वाक्यं अर्धी सोडणाऱ्यांतले नव्हते. दिवाळीला आम्ही सगळे पवनीला जमलो असताना मामाजींनी विषय काढलाच. "हे पाहा, जावईबापू, गुढीपाडव्याला आम्ही सालदार धरतो, तवा त्याचं साल लागते. तुमाले पाडव्यापर्यंत मोकळीक. तोवर काही कामधंदा पाहा. नाई पाहला, त मंग पाडव्यापासून तुमी..." इथे मामाजी पान तोंडात घालायला थांबले.

"दुकानावर बसीन," साडू म्हणाले.

"बस," मामाजी म्हणाले. "तुमीच बोलले. सारे आयकून राहिले." मेहुणीबाईंनी कपाळावर हात मारला. मामाजी जे म्हणणार होते ते कदाचित पुष्कळ सौम्य असेल, पण आता सगळ्या घरासमोर शब्द गेला होता, आणि तोही साडूंचाच.

भंडाऱ्यात त्या सुमारास एका शिकवणीवाल्याने माडीवर संगणकाचा वर्ग काढला होता. ऐंशीचं दशक उतरणीला लागलं होतं आणि संगणक ही चीज आमच्याकडे देवासारखी होती, म्हणजे चपला बाहेर काढून बघायची. साडू माझ्याबरोबर नुसते बघायला म्हणून आले आणि खुर्ची सोडीनात. चाळिशीला टेकलेला माणूस, पण चेहरा असा खुलला की मलाच काळजी वाटली. खाली उतरताना म्हणाले, "हे त आपलंच काम होय, साडभाऊ. नट उजेडात, आपण अंधारात. आपण सांगतलं तेवढंच त्यानं बोलाचं. आन हा नट दारू पेत नाई, पदरचं काही घालत नाई, मानधनासाठी रुसत नाई. असा नट मले उभ्या जन्मात नाई भेटला." दुसऱ्या दिवशी त्यांनी नाव घातलं. आमच्याच घरी मुक्काम ठोकला, आणि मॅट्रिकच्या इंग्रजीच्या जोरावर, काका काका म्हणणाऱ्या पोरासोरांत बसून, प्रोग्राम लिहायला शिकू लागले.

शिकले बरं का, खोटं कशाला बोला. पण पोरांनी ज्या चुका केल्या त्या पुस्तकातल्या, आणि यांनी केल्या त्या विंगेतल्या. सरांनी एक दिवस सांगितलं, की आपण दिलेल्या सूचना यंत्र आपल्या मेमरीत ठेवतं. दुसऱ्या दिवशी साडूंनी अख्खा प्रोग्राम असा लिहिला, की प्रत्येक ओळीतला पहिला शब्द तेवढा द्यायचा आणि बाकीची ओळ मोकळी सोडायची. यंत्राने ओळीओळीला चूक दाखवली. सरांनी कारण विचारलं, तर म्हणाले, "सर, तुमीच म्हणले का कालचं सारं याच्या मेमरीत आहे. पाठ आहे त मंग पूर्ण काहून सांगाचं? सुरुवात दिली, आता पुढचं नटानं पाहाव." सरांनी समजावलं, की बटण बंद केलं की हा सगळं विसरतो, रोज पहिल्यापासून भरावं लागतं. त्यावर साडूंना यंत्राचा राग आला नाही, कणव आली. तेव्हापासून ते प्रोग्राम टंकताना प्रत्येक ओळ यंत्राच्या कानाशी, म्हणजे जिथे कान असावा असं त्यांना वाटे तिथे, हळू आवाजात म्हणूनही दाखवू लागले. शेजारची पोरं हसायची. हे आपले म्हणायचे, "हसा लेकहो, पण माहं नाटक पडत नाई." आणि खरंच, संथ का होईना, त्यांचा प्रोग्राम चालत असे.

वर्ग संपल्यावर सरांनी स्पष्ट सांगितलं, की हे विहिरीच्या काठावरचं पोहणं झालं. आता कोणाच्या तरी हाताखाली वर्षभर उमेदवारी करा, खरं काम अंगावर घ्या, तरच प्रोग्रामर म्हणवाल. पाडव्याला थोडेच आठवडे उरले होते. भंडाऱ्यात तेव्हा संगणकाचं काम करणारे हाताच्या बोटांवर मोजावे इतकेही नव्हते, म्हणून आम्ही आधी नागपूर गाठलं. मी सोबत गेलो, कारण बायकोने सोडलंच नाही. "त्यांना एकट्याने बोलू देऊ नका," एवढंच ती म्हणाली. साध्वीचं वचन मी हलक्यात घेतलं.

पहिल्या कचेरीतले साहेब अगदी सज्जन. एवढ्या वयाच्या माणसाला तोंडावर नाही कसं म्हणावं, या संकोचात पेपरवेट फिरवत बसले. "तसं तुमचं सगळं ठीक आहे," ते म्हणाले, "फक्त तुमचं वय जरा..."

"जास्त आहे," साडू म्हणाले.

"हो ना. आणि आमच्याकडे सध्या तशी..."

"जागा नाही."

"तर आम्ही असं करू, की तुम्हाला..."

"नंतर कळवू."

साहेबांच्या चेहऱ्यावरचं ओझं असं उतरलं, की त्यांनी उठून साडूंचे दोन्ही हात हातात घेतले आणि आम्हाला दारापर्यंत पोचवलं. मी जिन्यातच कपाळ धरून बसलो. साडू मात्र खुशीत. "साहेब भला माणूस आहे," म्हणाले. "पाठांतर तेवढं कच्चं." पुढच्या दोन ठिकाणीही हाच प्रयोग, याच संवादांनी, यशस्वीरीत्या पार पडला. साडूंना आता नकाराचं सगळं नाटक तोंडपाठ झालं होतं.

आणि तिथेच घात झाला. नागपुरातलं शेवटचं ठिकाण धंतोलीतलं. तिथले मालक वयाने मोठे, आणि नाटकाचे शौकीन निघाले. प्रॉम्प्टर म्हटल्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली. साडूंनी वर्गातला प्रोग्राम दाखवला, त्यांनी तो नीट वाचला, दोन प्रश्न विचारले, मान डोलावली, आणि चष्मा काढून पुसत म्हणाले, "असं करा, तुम्ही उद्यापासून..."

"येऊ नका," साडू म्हणाले.

मालकांनी चष्मा घातला, साडूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं असावं, की हा मनुष्य आपल्यालाच नको म्हणतो आहे. "बरं," ते जरा दुखावून म्हणाले, "जशी तुमची इच्छा." मी काहीतरी बोलायला गेलो, पण ते उठून आत गेलेसुद्धा. परतीच्या एसटीत साडू खिडकीशी बसले होते आणि मौदा आलं तरी एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या सीटवरची बाई कंडक्टरला "दोन फुल आणि एक..." म्हणून अडखळली, तरी हे गप्प. तेव्हा मला खरी भीती वाटली. बऱ्याच वेळाने म्हणाले, "पान चुकलं, साडभाऊ. दोन पानं एकदम उलटली मी. प्रॉम्प्टरनं सारं कराव, हे नाई कराव." आणि मग, "पितळेच्या हंड्यागुंडाइले काय प्रॉम्प्ट करू मी?" मला हसूही येईना. त्या माणसाला दुकानात बसवणं म्हणजे पोपटाच्या गळ्यात चिंच अडकवण्यासारखं होतं, आणि पाडवा आता चार दिवसांवर आला होता.

भंडाऱ्यातच एक शेवटची जागा उरली होती. एका तरुण इंजिनीअराने राइस मिलवाल्यांचे हिशेब संगणकावर करून द्यायचं काम नुकतंच काढलं होतं. मुलगा विलक्षण हुशार, असं सगळे म्हणत, आणि लगेच आवाज खाली आणून, पण बोलताना अडकतो, असंही म्हणत. हे ऐकून सानगडीहून आलेल्या मेहुणीबाईंनी मला बाजूला घेतलं. "भाऊजी, त्या पोराचं बोलणं अडकते, आन आमच्या घरच्यायची जीभ अडकत नाई. काहीही करा, पण याइचं तोंड बंद ठेवा." मी उपाय काढला. साडू हंगामात तोंड साफ राहावं म्हणून खर्रा खात नसत, पण एरवी आमच्या मुलखात खर्रा कोणाला वर्ज्य आहे? पानठेल्यावरून तंबाखू-सुपारीचा चांगला घोटलेला खर्रा घेतला आणि जिना चढायच्या आधी त्यांच्या गालात कोंबला. म्हटलं, आता बोला बघू. त्यांनी फुगल्या गालाने मान हलवली.

वर एक मिलवाले शेठ आधीच बसलेले होते. तो मुलगा त्यांना काहीतरी समजावत होता. शब्दाच्या उंबरठ्यावर तो थांबे, डोळे मिटे, आणि तेवढ्यात शेठ त्याच्या तोंडात आपला शब्द घालत. तो मान हलवून नाही म्हणे, शेठ दुसरा शब्द देत. शेवटी कंटाळून तो कुठल्यातरी शब्दाला हो म्हणाला आणि शेठ समाधानाने गेले. मग तो आमच्याकडे वळला आणि दाराकडे बोट करत म्हणाला, "च... च..." मी म्हटलं, "चहा? नको, नको, आत्ताच झाला." त्याने मान हलवली. "चिठ्ठी? चिठ्ठी नाही आणली, असेच आलोय." त्याने डोळे मिटले. साडू शांतपणे उठले, माझ्या पायांकडे बघून त्यांनी मला खूण केली. मी चपला घालून आत आलो होतो. यांनी त्या बाहेर नेऊन ठेवल्या आणि परत येऊन बसले.

साडूंनी आपला प्रोग्राम पुढे केला. मुलगा वाचत राहिला. मधे एकदा बारीक हसला, आणि मी मनात म्हटलं, हसला म्हणजे फसला. मग कागद खाली ठेवून म्हणाला, "तुम्ही उ... उ..."

धंतोलीतलं सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. मी साडूंकडे पाहिलं. गाल फुगलेला नव्हता. आता हे बोलणार, म्हणून मीच घाईघाईने तोंड उघडलं, तर त्यांनी माझा गुडघा असा दाबला, की दुसऱ्या दिवशी तिथे काळं पडलं होतं. पंखा फिरत होता. मुलाचे डोळे मिटलेले होते. साडू नजर त्याच्या चेहऱ्यावर ठेवून बसले होते, ना घाई ना कीव, विंगेतल्या स्टुलावर बसल्यासारखे. किती वेळ गेला देव जाणे. मग मुलाने डोळे उघडले आणि आपला आपणच म्हणाला, "उद्यापासून या." पुढे आणखी म्हणाला, सावकाश, अडकत, "माझं... पुरं ऐकून घेणारा माणूस... मला हवाच होता."

जिना उतरल्यावर मी साडूंच्या पाठीवर थाप मारली. म्हटलं, "खर्‍याने वाचवलं तुम्हाला." त्यांनी तोंड उघडून दाखवलं. आत काही नव्हतं. "दारातच गिळला," ते म्हणाले. "देवघरासारखी खोली, थुंकू कोठी?" मग बोलला का नाहीत, मी विचारलं. तर मलाच अजाण समजून सांगू लागले, "तो विसरला नोता, साडभाऊ. त्याले येत होतं. ज्याले येते त्याले सांगाचं नसते. विसरला कोण आन थांबला कोण, हे ज्याले समजते तोच प्रॉम्प्टर." मग इतकी वर्षं मांडवात, पोस्टात, धंतोलीत तुम्ही काय करत होता, असं विचारणार होतो, पण तेवढ्यात खर्‍याने आपलं काम दाखवलं आणि त्यांना जी उचकी लागली ती घरी गूळ खाईपर्यंत थांबली नाही.

पाडव्याला पवनीला गुढीखाली साडूंनी मामाजींना सांगितलं, की माझंही साल लागलं, पण दुसऱ्या मालकाकडे. मामाजी दुकानाच्या दारात जाऊन भांडी पुसत बसले, पण जेवताना त्यांनी यांच्या पानात श्रीखंड स्वतः वाढलं, ते मी पाहिलं. आणि मग सुरू झाली ती उमेदवारी. मुलगा पंचविशीचा, उमेदवार चाळिशीचा, आणि हा त्याला गुरुजी म्हणणार. प्रोग्राममध्ये माणसासाठी शेरा लिहून ठेवायची सोय असते, यंत्र तिकडे लक्ष देत नाही. तिथे साडू नाटकासारख्या सूचना लिहीत. "शेठ प्रवेश करतात. धान मोजतात. नाराज होऊन जातात." गुरुजी आधी वैतागले, मग त्यांनीही तशाच लिहायला सुरुवात केली. मिलवाले आले की गुरुजी बोलत, आणि कोणी मधे शब्द घालायला गेलं की साडू असे बघत, की शेठ लोकांची बोलती बंद होई. हिशेबासाठी उतावळी ती धंदेवाईक माणसं, पण भंडाऱ्यात फक्त त्या माडीवर त्यांना धीर धरावा लागे. बाहेर मात्र आमचे साडू पूर्वीसारखेच. माझ्या मुलीच्या बारशाला आत्याने नाव कुर्र करायच्या आत त्यांनी ते सगळ्यांना सांगून टाकलं.

एक साल संपलं, दुसरं लागलं, मग तिसरंही. साडू आता उमेदवार राहिले नव्हते, अर्धं काम तेच बघत. आणि गुरुजींना पुण्याच्या एका कंपनीने बोलावलं. जावं की नाही, म्हणून तो मुलगा कितीतरी दिवस घुटमळत होता, शेवटी साडूंनीच त्याची ट्रंक बांधली. माडी, यंत्र, मिलवाले, सगळं यांच्या हाती सोपवून तो निघाला, तेव्हा भंडाऱ्याच्या बसस्टँडवर आम्ही दोघं पोचवायला गेलो होतो. तो खिडकीत बसला. ड्रायव्हरने गाडी सुरू केली. त्याने साडूंचा हात धरला आणि म्हणाला, "काका, तुम्ही माझे व... व..." आणि अडकला. कंडक्टरने घंटा मारली. मागून लोक ओरडत होते. साडू खिडकीबरोबर चालू लागले, मग धावू लागले, नजर त्याच्या चेहऱ्यावर, तोंड घट्ट मिटलेलं. गाडी नागपूरच्या रस्त्याला लागली आणि हात सुटला. तो शब्द काही आला नाही.

मी मागून धापा टाकत पोचलो. म्हटलं, "तुम्हाला कळलं होतं ना, तो काय म्हणणार होता ते?"

"कळलं होतं."

"मग सांगायचं ना, भल्या माणसा. एवढा एक शब्द पुरवला असता तर काय बिघडलं असतं?"

त्यांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. "मी बोललो असतो त ते माहं झालं असतं, साडभाऊ," ते म्हणाले. "मले त्याच्या तोंडून आयकाचं होतं."

मला काहीतरी म्हणायचं होतं. शब्द सुचेना. मी त्यांच्याकडे पाहिलं, पण त्यांनीही तो सुचवला नाही. मग आम्ही स्टँडवरच्या कॅन्टीनमध्ये चहा घेतला आणि घरी आलो.